चिंचटेकडीचा गारठा

सगळा घोळ नर्मदाबाईच्या स्वेटरपासून सुरू झाला.

आता तुमीच सांगा, पूर्णेत, भर मे महिन्यात, रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर कुणी बाई स्वेटर घालून बसली तर तिला दवाखान्यात न्यावं का न्हाई? पण नर्मदाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या दत्तराव गार्डाची बायको. ती पासावर महाबळेश्वरला जाऊन आली होती. घामानं निथळत, पदरानं वारा घेत ती आमच्या चतुराबाईला सांगायली होती, "काय सांगू बाई, तिथं रात्री दोन-दोन घोंगडी लागायची. दात नुसते कडकड वाजायचे. मला बघा तेव्हापासून अंगात काही घातल्याबिगर चैनच पडंना!"

चतुराबाई म्हणजे आमचं कुटुंब. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बायको शांतपणे ऐकायला लागली की आपण दुसऱ्या गावी बदली मागून घ्यावी. रात्री ताटात भाकरी टाकताना ती एवढंच बोलली, "मला बी घोंगडं पांघरावं लागंल अशा जागी न्या. ह्याच महिन्यात."

मी पार्सल ऑफिसात बाबू. आयुष्यभर लोकांच्या करंड्या कुठं कुठं धाडल्या, पण आपण स्वतः हिंगोलीच्या पल्याड गेलो न्हाई. पास होते, ते सगळे तिच्याच माहेरच्या लग्नांत फाटले. हे तिला सांगायची सोय नव्हती. रजा मिळाली ती चार दिवसांची. चार दिवसांत थंड हवा खाऊन वापस यायचं म्हणजे हवा स्टेशनातच बांधून घ्यावी लागंल.

क्वार्टरात सल्ल्याला तोटा नसतो. दत्तराव म्हणाला, "चिखलदऱ्याला जा." दुसरा म्हणाला, "डोक्याला ओला पंचा बांधून हौदाजवळ बसा, तेच महाबळेश्वर." तिसऱ्यानं तर बर्फाच्या पार्सलच्या डब्यात बसून नांदेडपर्यंत जायची तरकीब सांगितली. मी त्यावर थोडा विचारही केला होता, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मस्तानसाब आला.

मस्तानसाब हा जिंतूरकडच्या चिंचटेकडीच्या डाकबंगल्याचा खानसामा. त्याची लेक पूर्णेत दिलेली. लेकीला भेटायला आला की माझ्या ऑफिसात बसून चहा पिऊन जायचा. ह्या वेळेला चहा त्याच्या हातातच गार झाला.

"क्या बोलूं बाबू," तो म्हणाला, "मेरी रोटी जाती अब."

गोष्ट अशी होती. मागच्या नोव्हेंबरात आमचा मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. मुंबईवाल्यांनी नवा कायदा काढला, की ज्या बंगल्यात वर्षात एकाही सरकारी अधिकाऱ्याचा मुक्काम झाला नसंल त्याला कुलूप लावायचं आणि खानसाम्याला घरी धाडायचं. चिंचटेकडीत शेवटचा साहेब झोपला तेव्हा निजाम गादीवर होता. आता तपासणीचा साहेब ह्याच महिन्यात यायचा होता.

"तुम भी तो सरकारी आदमी," मस्तानसाब म्हणाला. "भाभी को लेके आव. दो-तीन रोज रहो. मुक्काम गिन्या जाता."

मी विचारलं, "टेकडीवर हवा कशी आहे?"

"हवा? हवा तो भौत है!"

एवढं मला बास झालं. घरी जाऊन सांगितलं, "थंड हवेचं ठिकाण मिळालं. निजामाचे साहेबलोक खास तिथं जायचे." ह्यात खोटं काहीच नव्हतं. ते शिकारीला जायचे आणि हिवाळ्यात जायचे, हे तिनं विचारलं न्हाई.

सेलूच्या बाजारात चतुराबाईनं दोन नवी कोरी घोंगडी घेतली. इतकी नवी, की मेंढराच्या अंगावरून उतरून त्यांना जणू दोनच दिवस झाले होते. वास असा, की बसमधला एक माणूस खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला. देवगाव फाट्याला बस सोडली तेव्हा डांबर चपलेला चिकटायलं होतं आणि आमी दोघं नवरा-बायको खांद्यावर घोंगडी टाकून उभे. चहावाल्यानं दोनदा विचारलं, "बाबू, थंडीताप आलाय का?"

मी म्हणालो, "पुढं टेकडीवर लागतं."

"कोन्त्या टेकडीवर?" तो म्हणाला.

ग्यानबाच्या बैलगाडीतून आमी चिंचटेकडीला पोचलो. टेकडी म्हणजे रानाला आलेलं टेंगूळ. वर कौलारू बंगला, दोन चिंचा, फाटकाजवळ पायऱ्यांची जुनी बारव आणि चारी बाजूंनी ऊन. वारा होता, मस्तानसाब खोटं बोलला नव्हता, पण तो भट्टीच्या तोंडातून निघाल्यासारखा होता. आता माझी इज्जत माझ्याच हातात होती. मी गाडीतून उतरलो, घोंगडं अंगाभोवती गच्च लपेटलं आणि खांदे उडवून म्हणालो, "हुऽऽ! बघ, जाणवायला लागलं का न्हाई?"

चतुराबाईनं माझ्या कपाळावरचा घाम बघितला.

"हो की," ती म्हणाली. "लयच गारठा आहे बाई. तुमी नीट घ्या अंगावर. कानावरून घ्या. घशाला वारा लागंल."

इतक्या मायेनं ती लग्न झाल्यापासून बोलली नव्हती. मी घोंगडं कानावरून घेतलं.

मस्तानसाब आमच्यासाठी चटणी-मसाला आणायला गाडीबरोबर फाट्याकडं वापस गेला. आमी ओसरीवर बसलो. आणि दुपारी तिथं तीन कुत्री येऊन पडली.

कुत्री कसली, कातड्यात बांधलेल्या फासळ्या. जिभा बाहेर, डोळे मिटलेले. पण खरी चीज पुढंच आहे. तिघांच्याही गळ्यात लोखंडी पट्टे, आणि पट्ट्याला बोट-बोट लांबीचे खिळे, टोकं बाहेर!

"अहो," चतुराबाई म्हणाली, "बेवारशी दिसायलीत बिचारी. आणि गळ्यात काय घातलंय बघा कुण्या मेल्यानं!"

मी आयुष्यात लोकांच्या खोड्या लय काढल्या. स्टेशनमास्तरच्या छत्रीत हळद भरून ठेवणारा मीच, आणि पहिल्या पावसात त्याचा नवरदेव झाला तेव्हा सगळ्यात आधी धावून जाणाराही मीच. पण मुक्या जनावराच्या वाटंला मी कधी गेलो न्हाई. माझं डोकं फिरलं. मी ओसरीवर उभा राहिलो. ऐकायला बायको आणि तीन कुत्री, पण भाषण मी पुरं केलं. म्हणालो, "निजाम गेला, रझाकार गेले, आणि ह्या जनावरांच्या गळ्यातल्या बेड्या अजून तशाच? चालणार न्हाई!"

मग मी पट्टे काढले. सांगायला सोपं आहे. खिळ्यांनी माझी सगळी बोटं फोडली. एक कुत्रं तर झोपेतून उठायलाच तयार नव्हतं. शेवटी तिन्ही पट्टे हातात आले तसे मी बारवेच्या काठावर गेलो आणि जयहिंद म्हणून खाली भिरकावले. चतुराबाईनं टाळ्या वाजवल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? तिघांना दूध-भाकर कुस्करून दिली. वर तूप. मग कपडे धुवायच्या साबणानं आंघोळ. मग चतुराबाईच्या जुन्या पातळाचा लाल काठ फाडून तिघांच्या गळ्यात बांधला. नावं पण ठेवली. जे सगळ्यात सुस्त होतं ते स्टेशनमास्तर, जे मागं मागं राहायचं ते गार्ड, आणि जे प्रत्येकाच्या खिशाचा वास घ्यायचं ते टीसी.

सांजंला मस्तानसाब आला. कुत्र्यांच्या गळ्यातले लाल काठ बघून त्याच्या हातातली पिशवीच खाली पडली.

"बाबू, इनके पट्टे कां गये?"

"बारवेत," मी ऐटीत म्हणालो.

"या अल्ला! ये येडबा धनगर के कुत्ते जी! मेंढरां राखते रात कू. लांडगा नरडी पकडतै, उसके वास्ते खिळे! दोपहर कू हियां थंडी फरशी पे सोने कू आते."

आता मी रेल्वेतला माणूस. जे झालं ते माझ्या टाळक्यात लगेच शिरलं. मी रात्रपाळी करून आलेल्या तीन इसमांना झोपेतून उठवून, त्यांचा सरकारी डिरेस काढून, आंघोळ घालून रिबनी बांधल्या होत्या.

"मग इतके रोड का?" मी आपला किल्ला लढवला.

"दौडते ना साब! तुम दौडे तो तुम बी होते."

चतुराबाई तोंडाला पदर लावून आत गेली. मी म्हणालो, "बरं, दिवस मावळला की जातील आपापल्या कामावर. सकाळी पट्टे काढून देऊ." 

पण ती गेली न्हाईत.

बंगल्याचा संडास निजामाबरोबरच गेलेला. मी टमरेल घेऊन नाल्याकडं निघालो. चतुराबाईनं दारातून आवाज दिला, "घोंगडं घेऊन जा हो, बाहेर गारठा आहे!" घेतलं. फाटकापर्यंत गेलो न्हाई तोच स्टेशनमास्तर आडवा आला. गार्ड मागून आला आणि टाचंला हलकेच दात लावला. टीसी बाजूनं ढुशा द्यायला लागला. भुंकणं न्हाई, चावणं न्हाई. तिघांनी मिळून मला गोल फिरवलं आणि पुन्हा ओसरीवर आणून उभं केलं. मी पुन्हा निघालो, पुन्हा आणलं. मागच्या कुंपणावरून उतरायला गेलो, तर तिथं टीसी आधीच हजर. टमरेलातलं पाणी सांडून गेलं आणि माणूस म्हणून जी थोडी इज्जत होती तीही जायची वेळ आली.

आणि चतुराबाई? ती आपली साध्या पातळात, बारवेवर जायली, नाल्यावर जायली, चिंचा वेचायली. तिला कुत्री हुंगूनसुद्धा बघंनात.

मी तिला म्हणालो, "बाईमाणसाची इज्जत करणारी कुत्री आहेत."

"खानदानी दिसायलीत," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून खोकायला लागली. मला वाटलं हिला खरोखरच हवा बाधली. शेवटी मस्तानसाबनं मागच्या अंगाला दोन पत्रे आडवे लावून माझा बंदोबस्त केला. जास्त विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला येडबा आला. काळा, उंच, मिश्या दोन्ही बाजूंनी गालफडाच्या बाहेर. मागं त्याची माय अंबाबाई, हातात मुलाहून उंच काठी.

"कुत्री कुनी पळवली?" येडबानं फाटकातूनच विचारलं.

"पळवली न्हाई," मी घोंगड्यातून मुंडी काढून म्हणालो. "पाहुणचार केला."

"पाहुनचार? रातच्याला लांडगा आला व्हता! मायनं बोंब मारून मारून हाकलला, आता तिचा गळा बसलाय."

"गळा बसला न्हाई," अंबाबाई इतक्या मोठ्यानं ओरडली की चिंचंवरचे बगळे उडाले. "पर आज त्यो पुन्ना यील! चव कळालीय मेल्याला की राखन न्हाई. पंधरा कोकरं हायत बारकी. एक बी गेलं तर तुमच्या दारात आनून टाकीन मी, सांगून ठिवते!"

येडबानं शीळ घातली. तिन्ही कुत्री उठली, शेपट्या हलवत फाटकापर्यंत गेली, वळून माझ्याकडं बघितलं, आणि वापस येऊन माझ्या पायाशी बसली. येडबानं दोरी लावून ओढलं. दोरी तोडून वापस. येडबानं डोक्याचं मुंडासं काढलं.

"काय खाऊ घातलंव तुमी?"

"दूध-भाकर."

"आन?"

"थोडं तूप."

येडबा आईकडं वळला. "माय, मला कवा तूप घातलंव गं तू?"

"तुला कशाला? तू कुठं लांडग्याला धरतूस?" म्हातारी म्हणाली, आणि काठी आपटून तिनं निकाल दिला. "कुत्री मेंढराकडं येईनात तर मेंढरं कुत्र्याकडं आना. आज हितंच बसवू. आन बाबू, दिवस मावळायच्या आत पट्टे पायजेत!"

आता आमच्याकडं दस्तूर असा, की ज्याच्या रानात मेंढरं रातभर बसतात त्याच्या रानाला खत मिळतं, म्हणून त्यानं मेंढक्याला रातची भाकर-कालवण आणि वर जवारी द्यायची. अंबाबाईनं दुपारीच चतुराबाईला सांगून टाकलं, "कालवनात तेल बेतानं घाल, मला पित्त हाय."

"अहो पण हे रान आमचं न्हाई," मी म्हणालो. "सरकारचं आहे."

"कोन्त्या सरकारचं?" येडबानं विचारलं.

ह्याचं उत्तर त्या साली भल्याभल्यांना येत नव्हतं. बंगल्याचे कागद हैदराबादेहून निघाले होते आणि मुंबईला पोचले नव्हते. मधल्या मधे ती टेकडी कुणाचीच नव्हती.

दुपारी उरलीसुरली कसर ग्यानबानं भरून काढली. गाडी हाकत आला तो ओरडतच, "मस्तानसाब! फाट्यावर जीप उभी हाय! मुंबईचा साहेब चहा प्यायलाय. इकडंच निघालाय!"

मस्तानसाबनं डोक्यावर टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. ओसरीवर अंबाबाई पाय पसरून बसलेली. आवारात दोनशे मेंढरं. कोकरं बैठकीच्या खोलीत, कारण तिथं फरशी थंड होती.

मी बारवेकडं पळालो. निदान पट्टे तरी निघाले तर येडबा मेंढरं बाहेर नेईल, हा हिशेब. पळालो म्हणजे कुत्र्यांच्या पहाऱ्यात पळालो. बारव फाटकाच्या आतच, म्हणून त्यांनी तेवढं चालवून घेतलं. काठावर घोंगडं काढून ठेवलं आणि पायऱ्या उतरलो. खाली गुडघ्याएवढा गाळ. त्यात मला आधी एक फुटकी बादली मिळाली, मग एक कंदील, मग कुण्या साहेबाचा एक बूट, आणि शेवटी तिन्ही पट्टे. वर आलो तर काय बघतो!

तिन्ही कुत्री घोंगड्याभोवती बसलेली. स्टेशनमास्तर पुढं, गार्ड मागं, टीसी बाजूला. माझ्याकडं कुणी ढुंकून बघायला तयार न्हाई. मी फाटकातून बाहेर गेलो. कुणी उठलं न्हाई. नाल्यापर्यंत जाऊन आलो. दोन दिवसांत पहिल्यांदा मी मोकळा माणूस होतो. मग घोंगडं खांद्यावर टाकलं आणि फाटकाकडं एक पाऊल टाकलं. गार्ड लगेच टाचंला!

म्हणजे माझ्या तुपाला कुत्री भुलली नव्हती. ह्या नव्या घोंगड्याच्या वासानं मी त्यांच्या लेखी कळपातून चुकून टेकडीवर आलेलं मेंढरू होतो. अठरा वर्षं रेल्वेची नोकरी केलेलं, चष्मा लावणारं मेंढरू. माझा अपमान झाला होता. पण खरं सांगतो, त्याच वेळी माझ्या पोटात अशा काही गुदगुल्या झाल्या की छत्रीत हळद भरतानाही झाल्या नव्हत्या. आपल्या हातात काय सापडलंय ते मला कळालं होतं. ते कुणावर वापरायचं तेवढं बाकी होतं.

तोच फाटकाबाहेर जीप थांबली.

साहेब उतरला. पांढरी पँट, डोक्यावर हॅट, बोलणं अगदी पुस्तकातलं. त्यानं मेंढरांतून वाट काढली, पँट झटकली, ओसरीवर आला आणि पाय पसरून बसलेल्या अंबाबाईला ओलांडलं.

"येथे मुक्कामास कोण आहे?"

"मी," मी म्हणालो. गुडघ्यापर्यंत गाळ, हातात खिळ्यांचे पट्टे.

"हुद्दा?"

"पार्सल बाबू, रेल्वे."

"रेल्वे केंद्र सरकारची. बंगला राज्य सरकारचा. शिवाय आपण अधिकारी नाही. कामावर आहात की रजेवर?"

"रजेवर."

"मग हा मुक्काम धरता येत नाही." मग त्यानं आत डोकावलं. एका कोकरानं आतून त्याला आवाज दिला. "आणि हा काय प्रकार आहे?"

येडबा पुढं झाला. "सायेब, ही जमीन कुनाची?"

"सरकारची!" साहेब छाती काढून म्हणाला.

"आन तुमी सरकारचेच ना? मंग बरं झालं मालक गावले. आमची भाकर-कालवन आन जवारी?"

साहेबाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. "कुलूप!" तो ओरडला. "आजच कुलूप लावा! खानसामे, किल्ली द्या. मला दिवस मावळण्याच्या आत जिंतूर गाठायचे आहे."

मस्तानसाब पुढं आला. त्यानं कमरंचा जुडगा सोडला, त्यातली मोठी किल्ली निवडली. ती आधी बाहीला घासून पुसली. चमकली का न्हाई बघितलं. मग दोन्ही हातांनी पुढं केली. मी इकडंतिकडं बघायला लागलो. चतुराबाई दारात उभी होती, तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता तुमी काही करणार न्हाई तर मग तुमचा उपयोग काय?

मी खाकरलो. "साहेब, मुंबई राज्याचे पहिले साहेब ह्या टेकडीला आले. सत्कार केल्याबिगर कसं सोडणार?"

"सत्कार?" साहेब म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. माणूस कितीही तापलेला असो, सत्कार म्हणलं की मान आपोआप पुढं येते.

"धनगरी मान असतो साहेब, घोंगडं आणि काठी. मोठ्या माणसालाच देतात. येडबा, कुत्र्यांना हे पट्टे घाल आधी, शोभा दिसंल. आणि अंबाबाई, तुमची काठी."

चतुराबाईनं आतून तिचं घोंगडं आणलं, कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं. मी ते साहेबाच्या खांद्यावर टाकलं, कानावरून घेतलं, गळ्याशी गाठ मारली. काठी हातात दिली. ग्यानबानं टाळ्या वाजवल्या. साहेबानं राज्याच्या एकोप्यावर चार शब्द बोलून घेतले आणि किल्ली खिशात टाकून जीपकडं निघाला.

तीन पावलं गेला असंल.

स्टेशनमास्तर आडवा आला.

आता काय सांगू! मला जे तिघांनी केलं होतं ते बिनपट्ट्याचं होतं. साहेबाला पट्टेवाले भेटले. तो डावीकडं वळला की टीसी, मागं सरला की गार्ड. बघता बघता त्यांनी साहेबाला मेंढरांच्या मधोमध नेऊन उभं केलं. दोनशे मेंढरांत एक हॅटवालं.

"ड्रायव्हर!" साहेब ओरडला.

जीपमधून ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, त्या खिळ्यांकडं बघितलंत का? माझी पोरं बारकी आहेत."

"हे काय चाललं आहे? ही कुत्री आवरा!"

"माझं ऐकंनात साहेब," येडबा म्हणाला. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

मी मोठ्या काळजीनं ओरडलो, "साहेब, घोंगडं अंगाला घट्ट धरा! सोडू नका!"

भ्यालेला माणूस सांगितलेलं ऐकतो. त्यानं घोंगडं गच्च लपेटलं. चारदा जीपकडं जायचा प्रयत्न झाला आणि चारदा साहेब ओसरीजवळ आणून सोडला गेला. पाचव्या वेळेला तो आपणहून ओसरीवर चढून बसला, अंबाबाईच्या शेजारी. म्हातारी म्हणाली, "बसा. तुमास्नी बी पित्त हाय का?"

दिवस मावळला. जिंतूर जिथल्या तिथं राहिलं. आणि आत मस्तानसाबच्या चुलीवर कढई चढली. नऊ वर्षांत त्या माणसानं साहेबासाठी म्हणून हातात पळी धरली नव्हती. त्यानं शेंगदाणा-चिंचेच्या रश्श्यातली वांगी, बघारे बैंगन केले. ओसरीभर वास सुटला. साहेब आधी म्हणाला, नको. मग म्हणाला, थोडेसे. मग त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तिसऱ्यांदा मागताना त्याच्या तोंडून पुस्तकातली भाषा पार गेली. "अजून आहे का रे?" म्हणाला. दस्तुराप्रमाणं येडबाला, म्हातारीला, सगळ्यांना त्याच कढईतलं मिळालं. मग साहेब मोठ्या पलंगावर आडवा झाला, घोंगड्यासकट. उंबऱ्यावर तीन पहारेकरी.

लांडगा आला होता म्हणे. पट्टे बघून नाल्यापलीकडून वापस गेला. येडबानं सकाळी कोकरं मोजली आणि मुंडासं नीट बांधलं.

साहेब उठला तो घामानं डबडबलेला. घोंगडं पलंगावर फेकून बाहेर आला. कुत्र्यांनी एक जांभई दिली, बास. तो दचकत फाटकापर्यंत गेला, वापस आला, पुन्हा गेला. कुणी हललं न्हाई. समोर मस्तानसाब खिचडी आणि चिंचेच्या खट्ट्याचं ताट घेऊन उभा.

"हुजूर," त्यानं अदबीनं विचारलं, "मुक्काम आराम से हुया ना?"

"हो, मुक्काम तसा बराच..." साहेब म्हणाला आणि तिथंच थांबला.

त्यानं मस्तानसाबकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी चिंचा बघायलो होतो. त्यानं येडबाकडं बघितलं, कुत्र्यांकडं बघितलं, पलंगावरच्या घोंगड्याकडं बघितलं. साहेब हुशार माणूस होता. सगळं न्हाई तरी अर्धं त्याला कळालं असावं.

"राज्य सरकारचा अधिकारी," मी हलकेच म्हणालो, "आणि कामावर."

साहेबानं बराच वेळ खिचडी खाल्ली. ताट चाटूनपुसून झालं. मग खिशातून किल्ली काढली, बाहीला पुसली आणि मस्तानसाबच्या हातात दिली. "पुढच्या वर्षीही एक मुक्काम पडला पाहिजे," तो म्हणाला. "बैंगन करता येतील ना?" मस्तानसाबनं किल्ली जुडग्यात अडकवली आणि तीनदा मान हलवली.

आमची रजाही संपत आली होती. येडबानं मेंढरं हाकली. कुत्री एकदा त्याच्याकडं, एकदा बंगल्याकडं बघायला लागली. ग्यानबानं गाडी जुंपली. मी दोन्ही हातांत सामान घेऊन पायऱ्या उतरलो, तेवढ्यात मागून माझ्या अंगावर काही पडलं. चतुराबाई. तिनं माझं घोंगडं माझ्या डोक्यावरून घेतलं, पुढं ओढलं आणि पाठीमागं गच्च गाठ मारली.

"गारठा लय आहे," ती म्हणाली. आणि टुणकन गाडीत चढून बसली. "चला ग्यानबा!"

"अगं, अगं थांब!" मी ओरडलो. स्टेशनमास्तर येडबाला सोडून माझ्याकडं निघाला. मागून गार्ड.

"यांना हवा मानवलीय," चतुराबाई ग्यानबाला सांगायली होती. "राहू द्या अजून चार दिवस."

गाडी चालायला लागली. टीसीनं ढुशी दिली. येडबा हसून हसून बांधावर बसला. मी कुत्र्यांच्या मधे गोल फिरत बोंबललो, "अगं उकडतंय! मला उकडतंय!"

गाडी थांबली.

"काय म्हणालात? ऐकू आलं न्हाई."

"उकडतंय म्हणलं! पहिल्या दिवसापासून उकडतंय! इथं थंडी न्हाई, गारठा न्हाई, काही न्हाई!"

चतुराबाई खाली उतरली, कुत्र्यांच्या मधून सरळ चालत आली आणि माझी गाठ सोडली. तिला हसू आवरंना. "मी म्हणलं, हे कधी कबूल करतात बघावं," ती म्हणाली. "मला तर फाट्यावरच कळालं होतं."

म्हणजे तीन दिवस! तीन दिवस मी घोंगड्यात शिजायलो होतो आणि ही बाई मला कानावरून घ्या म्हणायली होती. एवढी खोडी माझी कुणी काढली नव्हती. मला तिचा लय अभिमान वाटला.

पूर्णेला पोचलो त्या संध्याकाळी नर्मदाबाई ओट्यावर होती. स्वेटर अंगातच. "कसं काय चतुराबाई," तिनं विचारलं, "होती का काही थंडीबिंडी?"

मी सामान खाली ठेवलं. चतुराबाईनं पदर सावरला.

"काय सांगू नर्मदाबाई," ती म्हणाली. "हे घोंगडं पांघरून नुसते फाटकाबाहेर निघाले, तर तिथली कुत्रीसुद्धा यांना धरून वापस घरात आणून सोडायची."

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईनं स्वेटर काढून ठेवला.